लोशन आणि जेल स्थिर ठेवण्यासाठी तापमान-प्रतिसादी पॉलिमर: निवड, पाककृती आणि चाचणी

लोशन तयार केल्याच्या दिवशी एकजीव दिसते, आणि काही आठवड्यांनी बाटलीत वर तेलकट थर जमतो किंवा तळाशी साका बसतो. अशा वेळी दोष बहुधा इमल्सिफायरवर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरणाऱ्या घटकावर, जातो. पण पुष्कळदा खरे कारण तापमानात असते. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, २० अंश सेल्सिअसला सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते, ती ४० अंशांना ०.६५ वर येते, आणि बहुतेक दाट केलेली मिश्रणेही उष्णतेत अशीच पातळ होतात. त्याच वेळी इथिलीन ऑक्साइडची साखळी असलेल्या अनायनी (विद्युतभार नसलेल्या) इमल्सिफायरांना चिकटून राहिलेले पाणी सुटू लागते आणि तेलाचे थेंब परस्परांत मिसळण्याची शक्यता वाढते. म्हणजे उष्णतेत मिश्रणाचे दोन्ही आधार एकदमच कमकुवत होतात. तापमान-प्रतिसादी पॉलिमर नेमक्या याच वेळी उलट वागतात: तापमान वाढले की ते जाळी बांधून दाट होतात.

हा गुण मोलाचा आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे, आणि या लेखाचा रोख तिच्याकडेच आहे. उष्णतेत आधार देणारी ही जाळी थंडीत विरघळून जाते. शिवाय, उष्ण कपाटातील नेहमीची जलद चाचणी अशा उत्पादनाबद्दल हमखास चुकीची खात्री देते, कारण त्या कपाटात उत्पादन आपल्या सर्वांत भक्कम अवस्थेत असते. म्हणून अशा उत्पादनाची आखणी थंड बाजूपासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे.

उष्णतेत दाटपणा कसा येतो

या पॉलिमरांच्या साखळीत पाण्याशी जमणारे आणि पाण्याशी न जमणारे असे दोन्ही प्रकारचे भाग असतात. कमी तापमानाला पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी साखळीभोवती राहतात आणि ती पाण्यात मोकळी पसरते. तापमान वाढले की हे पाणी सुटते, पाण्याशी न जमणारे भाग एकमेकांकडे ओढले जातात आणि ठरावीक तापमानाला पॉलिमरची अवस्था बदलते. पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलामाइडमध्ये हे सुमारे ३२ अंशांना घडते. हेस्किन्स आणि गिलेट यांनी १९६८ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि या क्षेत्रातील पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून आजही तेच दिले जाते. तथापि, त्यात उरू शकणाऱ्या विषारी मोनोमरचा, म्हणजे साखळीत न जोडल्या गेलेल्या सुट्या रेणूंचा, प्रश्न लक्षात घेता, अंगाला लावायच्या उत्पादनासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

व्यवहारात सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो पोलोक्सॅमर ४०७. त्याच्या क्रमांकातच त्याची रचना सांगितलेली असते: पहिल्या दोन अंकांना १०० ने गुणले की मधल्या पॉलिप्रोपिलीन ऑक्साइड भागाचे अंदाजे रेणुवस्तुमान, ४०००, मिळते आणि शेवटच्या अंकाला १० ने गुणले की दोन्ही टोकांच्या पॉलिइथिलीन ऑक्साइडचे वजनी प्रमाण, ७० टक्के, मिळते. ऊब मिळताच मधला भाग पाणी सोडतो, रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे सूक्ष्म गोळे बनतात, आणि मायसेलांची संख्या पुरेशी झाली की ते घनाकार मांडणीत इतके दाटीवाटीने बसतात की द्रव वाहायचा थांबतो. पाण्यात २० टक्के पोलोक्सॅमर ४०७ असेल, तर हे साधारणपणे २० ते २५ अंशांच्या दरम्यान होते. प्रमाण वाढवले की हे तापमान खाली येते, आणि सुमारे १५ टक्क्यांच्या खाली गेले की घट्ट जेल बनतच नाही.

मेथिलसेल्युलोज फार कमी प्रमाणात, १ ते २ टक्क्यांतही, काम करते, पण त्याचे जेल साधारण ५० ते ६० अंशांना बनते. हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिलसेल्युलोजमध्ये हे तापमान प्रकारानुसार आणखी वर जाते. हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज सुमारे ४० ते ४५ अंशांना पाण्यातून बाहेर पडते आणि त्यातून जेल बनण्याऐवजी द्रावण गढूळ आणि पातळ होते. नावातील साम्यामुळे येथे गल्लत होऊ शकते. हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज तर पाण्याच्या उकळबिंदूपर्यंत विरघळलेलेच राहते, त्यामुळे ते या गटात येत नाही. अगार, जिलेटिन आणि कॅपा कॅराजीनन यांचे वागणे याच्या उलट असते. ते थंड झाल्यावर घट्ट होतात.

आणखी एक प्रकार म्हणजे पाण्यात सदैव विरघळणाऱ्या लांब साखळीवर तापमान-प्रतिसादी शाखा जोडलेले पॉलिमर. त्यांच्या शाखा उष्णतेत एकमेकींना धरतात आणि मुख्य साखळी विरघळलेलीच राहते, म्हणून कमी प्रमाणातही दाटपणा सावकाश आणि सलग वाढत जातो. असा पॉलिमर कॉस्मेटिक दर्जाचा मिळत असेल, तर लोशनसाठी त्याचा विचार पोलोक्सॅमरच्या आधी करावा, कारण १७-१८ टक्के पोलोक्सॅमर त्वचेवर सुकताना स्पष्ट चिकटपणा ठेवतो.

पहिली पायरी: किती आधार हवा, हे आकड्यात मांडणे

पॉलिमर निवडण्यापूर्वी एक साधे गणित करावे. स्टोक्सच्या नियमानुसार थेंबाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या आणि दोन्ही द्रवांच्या घनतेतील फरकाच्या सम प्रमाणात, तर श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. २ मायक्रॉन व्यासाचा तेलाचा थेंब घ्या, घनतेतील फरक घन सेंटीमीटरला ०.१ ग्रॅम माना आणि बाहेरचा द्रव पाण्यासारखा पातळ समजा. हा थेंब दिवसाला सुमारे १९ मिलिमीटर वर सरकतो. श्यानता हजारपट केली, तरी तो वर्षाला सुमारे ७ मिलिमीटर सरकतच राहतो. यावरून दिसते की नुसता दाटपणा हालचाल लांबवतो, थांबवत नाही.

थांबवायचे असेल तर प्रवाह-सीमा हवी, म्हणजे ठरावीक ताणापेक्षा कमी ताणाला मिश्रणाने मुळीच वाहू नये. एक मिलिमीटर व्यासाचा कण आणि वरचाच घनतेतील फरक धरला, तर सावध अंदाजाने ०.१ ते ०.२ पास्कल प्रवाह-सीमा पुरते. वाहतुकीतील हादरे लक्षात घेऊन मी निदान १ पास्कलचे लक्ष्य ठेवतो, आणि ते साठवणीच्या सर्वांत कमी तापमानालाही गाठले गेले पाहिजे. पोलोक्सॅमरचे जेल ही अट ऊबेत सहज पूर्ण करते. ५ अंशांना मात्र ते द्रव असते आणि त्याला प्रवाह-सीमा जवळपास नसतेच.

दुसरी पायरी: संक्रमण कोठे ठेवायचे

ज्या तापमानाला द्रवाचे जेल होते त्याला येथे संक्रमण-तापमान म्हणू. ते कोठे असावे, याचे दोन मार्ग मला योग्य वाटतात. पहिल्यात संक्रमण साठवणीच्या बहुतेक काळातील तापमानाच्या खाली ठेवले जाते, म्हणजे उत्पादन जवळपास नेहमी जेल अवस्थेत राहते आणि फक्त बनवताना व भरताना थंड करून पातळ केले जाते. दुसऱ्यात संक्रमण एका बिंदूवर न ठेवता रुंद पट्ट्यात पसरवले जाते, जेणेकरून १५ ते ४५ अंशांत उत्पादनाचा दाटपणा साधारण सारखाच राहावा. शाखायुक्त पॉलिमर यासाठी योग्य.

टाळायची गोष्ट एकच: तीव्र संक्रमण रोजच्या साठवणीच्या तापमानाच्या मधोमध येणे. असे उत्पादन रात्री द्रव आणि दुपारी जेल होते. द्रव असताना थेंब वर सरकतात आणि जेल झाल्यावर ते आहेत तेथेच अडकतात. दररोज थोडे थोडे असे होत काही आठवड्यांत थर वेगळा दिसू लागतो. त्वचेवर लागताच, म्हणजे ३२ ते ३४ अंशांना, दाट होणारे उत्पादन हवे असेल, तर स्थैर्याची सगळी जबाबदारी दुसऱ्या दाट करणाऱ्या घटकावर द्यावी लागते, हे आधीच मान्य करावे.

दोन्ही मार्गांत पोलोक्सॅमरला एक साथीदार द्यावाच. कार्बोमर, झँथन गम किंवा जेलन गम यांची जाळी तापमानाने फारशी बदलत नाही आणि थंड बाजू तीच सांभाळते. कार्बोमर निवडल्यास पीएच ६ च्या आसपास ठेवावा. आम्लधर्मी मिश्रणात पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि कार्बोमर यांच्यात हायड्रोजन बंध जुळून गढूळपणा किंवा गुठळ्या येतात.

तिसरी पायरी: बाकीचे घटक संक्रमण कसे सरकवतात

शुद्ध पाण्यात मोजलेले संक्रमण-तापमान पूर्ण उत्पादनात क्वचितच टिकते. सोडियम क्लोराइडसारखे क्षार ते खाली आणतात. सल्फेट आणि फॉस्फेट यांचा हा परिणाम अधिक जोरकस असतो, आणि मेथिलसेल्युलोजचे जेलही त्यांच्यामुळे लवकर बनते. इथेनॉल संक्रमण वर नेते आणि जास्त झाल्यास जेल बनूच देत नाही. ग्लिसरीन ते थोडे खाली आणते. पॅराबेन गटातील परिरक्षकही (जंतूंची वाढ रोखणारे घटक) ते खाली खेचतात. प्रोपिलीन ग्लायकॉलचा परिणाम प्रमाणानुसार बदलतो, म्हणून तो आपल्याच मिश्रणात मोजून पाहावा. पोलोक्सॅमर १८८ मिसळला की ४०७ चे संक्रमण वर सरकते, आणि बारीक जुळवाजुळवीसाठी हा सर्वांत सोयीचा उपाय आहे.

खरी अडचण ऋणायनी सर्फॅक्टंटची, म्हणजे ऋणभार असलेल्या फेसाळ घटकांची, आहे. सोडियम लॉरिल सल्फेटसारखे रेणू पोलोक्सॅमरच्या मधल्या भागाला चिकटतात, त्यावर ऋणभार आणतात आणि मायसेल बनण्यातच अडथळा करतात. पुरेसे प्रमाण असेल तर जेल पूर्णपणे नाहीसे होते. म्हणून शाम्पू किंवा फेसवॉशसाठी पोलोक्सॅमरच्या जेलवर विसंबू नये. त्याची जागा अंगावर राहू द्यायच्या उत्पादनात आहे.

आणखी एक बाब सहज नजरेआड होते. पोलोक्सॅमरचे प्रमाण संपूर्ण उत्पादनावर काढून चालत नाही, ते पाण्याच्या भागावर मोजावे लागते. उत्पादनात १७ टक्के पोलोक्सॅमर आणि सुमारे ७२ टक्के पाणी असेल, तर पाण्याच्या दृष्टीने द्रावण सुमारे १९ टक्क्यांचे असते. तेलाचे प्रमाण वाढवून पोलोक्सॅमर तसाच ठेवला, तर संक्रमण आपोआप खाली सरकते.

चौथी पायरी: प्रयोगासाठी १०० ग्रॅमची पाककृती

पुढील प्रमाण प्रयोगाची सुरुवात म्हणून घ्यावे: पोलोक्सॅमर ४०७ १७ ग्रॅम, कार्बोमर ०.३ ग्रॅम, ग्लिसरीन ४ ग्रॅम, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड हे हलके तेल ५ ग्रॅम, फिनॉक्सिइथेनॉल ०.८ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.१ ग्रॅम, टोकोफेरॉल ०.१ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइडचे १० टक्के द्रावण सुमारे १.२ ग्रॅम आणि पाणी ७१.५ ग्रॅम. वेगळा इमल्सिफायर घेतलेला नाही, कारण ते काम पोलोक्सॅमर करतो.

पोलोक्सॅमर गरम पाण्यात विरघळवायचा मोह होतो, पण त्यात त्याच्या गोळ्यांभोवती जेलचे कवच बनते आणि आतला भाग कोरडाच राहतो. श्मोल्का यांनी १९७२ मध्ये भाजलेल्या त्वचेवरील उपचारासाठीच्या जेलसंदर्भात जी थंड पद्धत मांडली, तीच आजही योग्य आहे. ५१ ग्रॅम पाण्यात ईडीटीए विरघळवा, पाणी ५ अंशांपर्यंत थंड करा आणि मंद ढवळत त्यावर पोलोक्सॅमर थोडा थोडा भुरभुरवा. पूर्ण न विरघळलेले मिश्रण झाकून १२ ते २४ तास फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते काचेसारखे स्वच्छ झालेले असेल आणि अडकलेला फेसही निघून गेलेला असेल. हे द्रावण सुमारे २५ टक्क्यांचे असल्याने ते खोलीच्या तापमानाला येण्याआधीच घट्ट होते, म्हणून पुढील सर्व कृती ८ अंशांच्या खाली, बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवून करावी.

कार्बोमर वेगळ्या १५ ग्रॅम पाण्यात भुरभुरवून गुठळ्या जाईपर्यंत भिजू द्या आणि तोही थंड करा. तेलात टोकोफेरॉल मिसळा आणि पोलोक्सॅमरच्या थंड द्रावणात होमोजिनायझर (तेलाचे बारीक थेंब करणारे वेगवान घुसळयंत्र) चालवत हळूहळू सोडा. होमोजिनायझर स्वतःच मिश्रण तापवतो, म्हणून तो अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या टप्प्यांत चालवून प्रत्येक टप्प्यानंतर तापमान पाहावे. त्यानंतर कार्बोमरचे मिश्रण, मग ग्लिसरीनमध्ये आधीच मिसळलेले फिनॉक्सिइथेनॉल घाला. या वेळी मिश्रण आम्लधर्मी असते आणि त्यात धूसरपणा दिसू शकतो; त्याला रात्रभर तसेच ठेवू नये. लगेच सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंब थेंब घालत पीएच ६ च्या आसपास आणावा. येथून पुढे होमोजिनायझर वापरू नये, कारण तीव्र घुसळणीने उदासीन झालेल्या कार्बोमरची जाळी तुटते. रुंद पात्यांनी सावकाश ढवळणे पुरेसे आहे. पीएच थंड द्रव असतानाच, किंवा नमुना दहापट पाण्यात पातळ करून मोजावा. जेलमध्ये इलेक्ट्रोडचे वाचन स्थिर राहत नाही. उरलेल्या ५.५ ग्रॅम पाण्याने भांडी विसळून तेही मिश्रणात घ्यावे.

हवा काढून टाकण्याची संधी थंड असतानाच असते. एकदा जेल झाले की प्रत्येक बुडबुडा जागच्या जागी अडकतो. मिश्रण फ्रिजमध्ये रात्रभर ठेवणे किंवा थंड ठेवूनच निर्वातात हवा काढणे, हे दोनच उपाय खात्रीचे आहेत.

मेथिलसेल्युलोज वापरायचे असेल तर क्रम उलटा होतो: एकूण पाण्यापैकी एक तृतीयांश पाणी ८० ते ९० अंशांना तापवून त्यात पावडर पसरवावी, ती विरघळत नसल्याने गुठळ्या होत नाहीत, आणि नंतर बर्फासारखे थंड पाणी घालून ढवळत राहावे.

पाचवी पायरी: संक्रमण मोजणे

सर्वांत सोपी चाचणी म्हणजे परीक्षानळी उलटी करणे. नळी पाण्याच्या बाथमध्ये ठेवून तापमान एकेक अंशाने वाढवावे, प्रत्येक अंशावर दहा मिनिटे थांबावे आणि नळी उलटी केल्यावर नमुना अर्धा मिनिट न वाहिल्यास ते तापमान नोंदवावे. रिऑमीटर (पदार्थाचे वाहणे मोजणारे यंत्र) उपलब्ध असल्यास १ हर्ट्झ वारंवारता, १ टक्क्याच्या आसपासची विकृती आणि मिनिटाला १ अंश वाढ ठेवून संचयी मापांक (घनासारखे वागणे) व क्षयी मापांक (द्रवासारखे वागणे) मोजावेत. जेथे संचयी मापांक वरचढ होतो ते संक्रमण. नमुन्याच्या कडेने पाणी उडून गेले तर आकडे फसवे येतात, म्हणून कडेवर पातळ तेलाचा थर द्यावा.

मोजणी तापवताना केली की थांबू नये, थंड करतानाही करावी. मेथिलसेल्युलोजचे जेल ज्या तापमानाला बनते त्याहून कितीतरी खालच्या तापमानाला वितळते, म्हणजे त्याच तापमानाला उत्पादन द्रव असेल की जेल, हे ते आधी कोठे होते यावर अवलंबून असते. याच कारणाने श्यानतेचा कोणताही आकडा नोंदवण्यापूर्वी नमुना त्या तापमानाला २४ तास ठेवावा.

सहावी पायरी: स्थैर्याची चाचणी, थंड बाजूपासून

सौंदर्यप्रसाधनांच्या स्थैर्य-चाचणीसाठी आयएसओचा १८८११ हा २०१८ मधील तांत्रिक अहवाल मार्गदर्शन करतो, पण चाचणीचे नियोजन उत्पादनानुसार करण्याचे काम उत्पादकावरच सोपवतो. येथे त्या मोकळिकीचा नीट उपयोग करावा. सर्वसाधारण लोशनसाठी ४० किंवा ४५ अंशांना तीन महिने ठेवणे हे जास्त काळाच्या साठवणीचे प्रतिनिधित्व करते, असे मानले जाते. आपल्या उत्पादनात ते खरे नाही. ४५ अंशांना ते जेल असते, थेंब हलूच शकत नाहीत, आणि तीन महिन्यांनंतरचा निर्दोष नमुना १५ अंशांना काय होईल याबद्दल काहीच सांगत नाही. उष्ण कपाट रंग, वास, पीएच आणि ऑक्सिडेशन पाहण्यासाठी जरूर ठेवावे. थर वेगळा होण्याचा निष्कर्ष मात्र त्यावरून काढू नये.

त्यासाठी नमुने ५ अंश, २५ अंश आणि मोजलेल्या संक्रमणाच्या ३ ते ५ अंश खाली, अशा तीन ठिकाणी ठेवावेत. यांपैकी तिसरी जागा सर्वांत कडक परीक्षा घेते, कारण तेथे पोलोक्सॅमरने जाळी अजून बांधलेली नसते आणि मिश्रण उबेमुळे सैलही असते. याशिवाय ५ आणि ४० अंशांमध्ये प्रत्येकी २४ तासांची निदान दहा चक्रे करावीत, आणि वेगळ्या नमुन्यांवर उणे १० ते २५ अंशांचे गोठणे-वितळणे तीनदा करावे. सेंट्रिफ्यूजची चाचणी करताना यंत्र नमुना तापवून जेल करत नाही ना, हे पाहावे. ती ५ ते ८ अंशांनाच करावी.

नमुना फक्त डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये. बाटलीच्या वरच्या आणि खालच्या तृतीयांशातून वेगवेगळे नमुने काढून त्यांतील तेलाचे प्रमाण ताडून पाहावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेंबांचा आकार मोजावा. थेंब तेवढेच पण वर गोळा झालेले असतील, तर प्रवाह-सीमा कमी पडते आहे आणि कार्बोमर वाढवावा. थेंब मोठे झालेले असतील, तर कार्बोमर वाढवून उपयोग नाही. तेलाची निवड, इमल्सिफिकेशनची तीव्रता किंवा वेगळा सह-इमल्सिफायर यांकडे वळावे.

पीएच हळूहळू खाली जात असेल तर पोलोक्सॅमरच्या ऑक्सिडेशनची शंका घ्यावी. पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या साखळ्या हवेने पेरॉक्साइड तयार करतात आणि त्यातून आम्ले व फॉर्मल्डिहाइड निघू शकते. ईडीटीए आणि टोकोफेरॉल वरच्या पाककृतीत त्यासाठीच आहेत. कच्चा पोलोक्सॅमर हवाबंद, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा, आणि जुन्या पिशवीतील माल पेरॉक्साइड तपासल्याशिवाय वापरू नये.

परिरक्षकाची चाचणी आयएसओ ११९३० प्रमाणे तयार उत्पादनावरच करावी, घटकाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. मायसेल पॅराबेनसारखे कमी विरघळणारे परिरक्षक स्वतःत ओढून घेतात, त्यामुळे पाण्यात, म्हणजे जीवाणू वाढतात तेथे, त्यांचे मोकळे प्रमाण घटते. पोलोक्सॅमर १५ वरून १८ टक्के केला, तर परिरक्षकाचे प्रमाण तेच असूनही चाचणी पुन्हा करावी लागते.

मोठ्या प्रमाणावर बनवताना

प्रयोगशाळेत बर्फाच्या भांड्याने जे साधते, ते मोठ्या टाकीत थंड पाण्याच्या जॅकेटने साधावे लागते, आणि टाकी मोठी होत जाते तसे प्रत्येक लिटरमागे थंड पृष्ठभाग कमी पडतो. म्हणून थंड करण्याचा वेळ आधी मोजून घ्यावा. टाकीपासून भरणाऱ्या यंत्रापर्यंतची नळी थंड ठेवावी, कारण मध्येच काम थांबले तर नळीतच जेल बनते आणि पंपावर दाब वाढतो. बाटल्या थंड द्रव असताना भराव्यात आणि संक्रमणाच्या वर येऊन स्थिर होईपर्यंत उभ्या ठेवाव्यात. वेष्टनावर फ्रिजमध्ये ठेवू नये अशी सूचना असावी. थंड झालेले उत्पादन एकदम पातळ झाल्याचे पाहून ग्राहकाला ते बिघडले असे वाटते.

धुण्याच्या वेळी सवयीने गरम पाणी सोडले जाते. येथे त्याने भिंतींवरचा पोलोक्सॅमर निघण्याऐवजी आणखी घट्ट बसतो आणि मेथिलसेल्युलोजही तसाच चिकटतो. आधी १० अंशांच्या खालचे पाणी फिरवून पॉलिमर पूर्ण काढून टाकावा, विसळलेले पाणी हातात घासून बुळबुळीतपणा गेल्याची खात्री करावी, आणि मगच तेलाचा अंश काढण्यासाठी गरम पाणी व डिटर्जंट वापरावे.